साडेचार फुटांची रेघ

गौतमी पायऱ्या चढून वर पोचली, तेव्हा अण्णांनी आनंदाच्या भरात माझ्या दंडाला चिमटाच काढला. खाली खांबावर साडेचार फुटांची लाल रेघ होती. तिथल्या माणसाने गौतमीला खांबाला टेकवून उभं केलं, टाळूवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टी रेघेच्या बोटभर वर गेली आणि त्याने 'जा' म्हणून हात केला. आता वर रोलर कोस्टरची गाडी उभी होती आणि गौतमीच्या पुढे चार-पाचच पोरं होती.

वरच्या माणसाने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. बूट-चपला काढून कोपऱ्यातल्या खोक्यात ठेवा.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गौतमीने वाकून बंद सोडले आणि ती बुटांतून खाली उतरली. उतरली म्हणजे खरंच उतरली, साडेतीन इंच. मागच्या पोराच्या कानाला लागणारं तिचं डोकं त्याच्या खांद्याशी आलं. त्या माणसाने एक बूट उचलून हातावर तोलला, आत बोट घालून पाहिलं आणि तिला दंडाला धरून पायऱ्यांकडे वळवलं.

बूट अण्णांनी, आमच्या वडिलांनी, केले होते. आमचं घराणंच चपलांचं. कोल्हापुरात आमच्या गल्लीत लहान पोराला खुळखुळ्याच्या आधी चामडं कापायच्या रापीची मूठ ओळखायला येते. अण्णांच्या हातची चप्पल पुण्या-मुंबईच्या दुकानांत जायची आणि माणसं तिचा करकर आवाज ऐकून ती घ्यायची. अशा माणसाने तीन आठवडे रात्रंदिवस खपून चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवले, ते बुटाच्या आत टाचेखाली असे दडवले की बाहेरून बूट साधा दिसावा. कारागिरी म्हणाल तर नंबर एक. फक्त गाडीत बसताना बूट काढायला लावतात, एवढं ध्यानात राहिलं नाही.

आणि ध्यानात न राहायला ते काय आम्हाला माहीत नव्हतं? उलट गौतमीनेच सांगितलं होतं. त्या जानेवारीत शाळेची सहल असल्याच एका बागेत गेली होती. रेघेपाशी तिला अडवलं, तेव्हा बाईंनी तिला बाकावर बसवून वर्गातल्या बत्तीस जणींच्या चपला सांभाळायला दिल्या. घरी येऊन ती रडली वगैरे नाही. कुणाच्या चपलेची शिवण उसवलीय, कुणाचा अंगठा चुकीचा बसवलाय, याची यादी तिने अण्णांना सांगितली. अण्णा पोट धरून हसले आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं असणार. चप्पलवाल्याला चपलेचा उपाय सुचला. चपला काढतात म्हणूनच ती पोरगी चपला राखत बसली होती, हे आमच्या तिघांच्याही डोक्यातून साफ गेलं.

गौतमी तेरा वर्षांची होती आणि नववीतल्या मुलीपेक्षा चौथीतल्या मुलीसारखी दिसायची. थॅलेसेमिया. अंगात रक्तच धरायचं नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, मग आठ-दहा दिवस ती तरतरीत, मग पुन्हा पिवळी आणि मलूल. उंची दहाव्या वर्षीच थांबल्यासारखी झाली होती. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दुधी भोपळ्याच्या वेलासारखी वाढलेली. आम्ही शेजारी उभ्या राहिलो की बघणारे आधी तिच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, जणू तिच्या वाटणीचं मीच खाल्लं.

पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या बहिणीचा मगज जुळला तर हाडातून काढून गौतमीला देता येईल, आणि हा एकच रस्ता आहे. वय जरा जास्तच झालंय, पण जुळलं तर करून बघू. म्हणून महिन्यापूर्वी आमच्या दोघींचं रक्त तपासणीला दिलं होतं. मगज काढतात कसा, हे मी त्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडावर बोट ठेवलं आणि सुई केवढी असते ते दोन्ही हातांनी दाखवलं. शेजारच्या स्टुलावर गौतमी पाय हलवत बसली होती.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही त्याच हॉस्पिटलातून निघालो होतो. आम्हा दोघींना बाहेर बाकावर बसवून अण्णा आत गेले आणि बाहेर आले ते म्हणाले, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळणार. मग टाळी वाजवून म्हणाले, "चला. आज गौतूला बसवायचंच." बूट टेम्पोत होतेच. टेम्पोत मागे लक्ष्मी रोडच्या दुकानदाराला द्यायच्या चपलांची दोन पोतीही होती. ती आधी टाकूया, असं मी म्हणाले तर म्हणाले, पळून जातात काय चपला. आयुष्यात माल वेळेवर पोचवायला एक दिवस न चुकलेला माणूस असं म्हणाला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी खिडकीची जागा पकडायच्या घाईत होते.

पहिल्या बागेतून बाहेर आलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. गौतमी म्हणाली, राहू द्या, घरी जाऊ. अण्णांनी बूट टेम्पोच्या टपावर ठेवले, कमरेवर हात घेतले आणि म्हणाले, "पुण्याच्या आसपास एकच बाग हाय काय?"

मग ते समोरच्या टेलिफोन बूथमध्ये गेले. आई कोल्हापुरात होती, शेजारच्या पाटोळेकाकूंच्या फोनपाशी बसून. अण्णा रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले, नंबर फिरवलाच नाही, आणि परत येऊन म्हणाले, लाइन लागत नाही. नंबर फिरवला नाही हे मी काचेतून बघितलं होतं. पण मोठी माणसं विसरतात, असं मी धरून चालले.

दुसरी बाग तासाभराच्या वाटेवर होती. वाटेत अण्णांनी टेम्पो एका आंब्याखाली उभा केला, मागचं फळकं पाडलं, रापी काढली आणि चामड्याच्या तुकड्यांवर गौतमीचा पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली. गौतमी खिदळली, गुदगुल्या होत होत्या तिला. अर्ध्या तासात त्यांनी टाचेचे जाड गादे कापले आणि तिच्या पांढऱ्या मोज्यांत खाली बसवून दिले. आता बूट काढा, नाहीतर डोकं काढा. गौतमी चालायला लागली तर लग्नातल्या नवरीसारखी एकेक पाऊल जपून टाकत होती आणि मी हसून हसून बेजार झाले. ती पण हसत होती. त्या दिवसातलं तेवढंच खरं हसणं.

दुसऱ्या बागेत रेघेपाशी एक बाई होती. गडद निळा गणवेश, नाकात मोरणी, साताऱ्याकडची असावी बोलण्यावरून. तिने गौतमीला खांबाला लावलं, पट्टी टेकवली, रेघेला पट्टी बरोब्बर लागली. मग तिने गौतमीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या पिवळसर डोळ्यांकडे, वर आलेल्या गालफडांकडे. मग खाली बसून तिच्या मोज्याला हात लावला.

मला वाटलं आता तमाशा होणार. बाईने आवाजसुद्धा चढवला नाही. तिने अण्णांना बाजूला नेलं, रिकाम्या गाडीतल्या एका सीटवर गौतमीला बसवलं आणि मांडीवर येणारा लोखंडी दांडा खाली ओढला. तो खटकन बसला. मग तिने अण्णांचा हात मनगटाला धरून गौतमीच्या पोटाच्या आणि दांड्याच्या मधे घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. मूठ वळवली तरी अडकली नाही.

"ह्या फटीतनं पोरगी निघून जाती, दादा," ती म्हणाली. "रेघ काय कुणाला हिणवायला नसती मारलेली."

अण्णा हात तसाच ठेवून उभे राहिले. त्या हाताने त्यांनी हजारो पायांची मापं घेतली होती, मुंबईच्या गिऱ्हाईकाने नुसती पावलं कागदावर काढून पाठवली तरी चप्पल चपखल बसायची. गौतमीने तो हात दोन्ही हातांनी धरून बाजूला केला आणि दांडा वर करायला बाईला सांगितलं. बाईने तिला शेवटी कसला तरी छोटा मोटारीचा झोका दाखवला, त्यात बस म्हणाली. गौतमीने मान हलवली. तिला चौथीतल्या पोरांत बसायचं नव्हतं.

त्या बागेत आम्ही जेवलो. आईने दिलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अण्णांनी भाकरीला हात लावला नाही. पुन्हा ते फोनला गेले, पुन्हा लाइन लागली नाही. गौतमी आता दमली होती, तिची मान सारखी माझ्या खांद्यावर पडत होती. घरी जाऊया, असं मीच दोनदा म्हटलं. अण्णा माझ्यावर खेकसले, जे ते कधी करत नसत. तिसरी बाग परतीच्या वाटेवरच आहे, तिथे रेघबिघ काही नसते, असं म्हणाले. कुणाला विचारलं कोण जाणे.

तिसरी बाग म्हणजे नुसती कळा गेलेली. कारंजी बंद, सिमेंटच्या हत्तीची सोंड तुटलेली, माणसं मोजून वीस. रोलर कोस्टर मात्र उंच होता, पहिल्या दोन्हींपेक्षाही उंच, गंजून तांबडा झालेला. त्याच्या पायथ्याच्या खांबावर रेघ होती, पण रंग उडालेला. तिथला माणूस पान खात बसला होता. त्याने गौतमीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बसवा की," तो म्हणाला. "हितं कोण बघतंय."

गौतमीचा चेहरा असा फुलला की मला आजही तो डोळ्यांसमोर येतो. ती धावत गेली, सगळ्यांत पुढच्या सीटवर बसली, मोज्यांतले गादे काढून तिने माझ्याकडे फेकले. आता त्यांची गरज नव्हती. मी तिच्या शेजारी बसायला गेले. माणसाने दांडा खाली ओढला.

आणि अण्णांनी हात घातला. आपल्या आपण. गौतमीच्या पोटाच्या आणि दांड्याच्या मधे, कोपरापर्यंत. मूठ वळवून पाहिली. मग त्यांनी माणसाला दांडा वर करायला लावला आणि गौतमीला काखेत धरून, लहानपणी उचलायचे तसं, उचलून खाली ठेवलं.

"अण्णा, तुम्हीपण?" ती म्हणाली.

त्या सगळ्या दिवसात तिने केलेली तेवढीच तक्रार. मग गौतमीने नाक पुसलं, माझ्या चपला माझ्या पायांतून काढून घेतल्या आणि म्हणाली, "ताई, तू जा. कुणीतरी जा. वरून काय दिसतं ते मला सांग." आणि त्या चपला मांडीवर घेऊन बाकावर जाऊन बसली. राखण करायची तिला सवयच होती.

मला जायचं नव्हतं, असं म्हणाले तर खोटं होईल. मला जायचं होतं. पंधरा वर्षांची होते मी. मी दांडा पोटाशी ओढला, माझ्या पोटाला तो गच्च बसला, आणि गाडी कडकड आवाज करत साखळीवर चढायला लागली. अगदी हळू. शेजारची सीट रिकामी होती.

अर्ध्यावर गेल्यावर मी खाली बघितलं. गौतमी बाकावर, तोंड वर करून हात हलवत होती. तिच्या मागे पन्नास पावलांवर फाटकाशी टेलिफोनचं पिवळं खोकं होतं आणि तिथे अण्णा होते. या वेळी त्यांनी नंबर फिरवला. मला त्यांचं बोट फिरताना दिसलं नाही, पण लाइन लागलेली दिसली, कारण ते बोलत होते. थोडंसंच बोलले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, उघडला आणि त्याकडे बघत आणखी काहीतरी सांगितलं. तो हॉस्पिटलचा निळ्या डोक्याचा कागद होता, तसले कागद मी चार वर्षं बघत आले होते. मग अण्णा रिसीव्हर हातात धरूनच भिंतीला टेकत टेकत खाली जमिनीवर बसले.

रिपोर्ट सकाळीच मिळाला होता. जुळलं नव्हतं. तो कागद छातीशी घेऊन हा माणूस दिवसभर आम्हाला या बागेतून त्या बागेत फिरवत होता, कारण घरी जायचं म्हणजे आईला सांगायचं.

आता जे सांगायचं आहे ते मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. महिन्यापूर्वी ती सुई डॉक्टरांनी हातांनी दाखवली, त्या दिवसापासून मी झोपले नव्हते. कोल्हापूरला परतल्यावर मी अंबाबाईच्या देवळात गेले होते आणि खांबाआड उभी राहून मागितलं होतं की जुळू देऊ नकोस. माझं जुळू देऊ नकोस, पाच शुक्रवार धरीन. दुसरा कुठून तरी उपाय काढ, पण मला नको. गाडी अगदी टोकाला आली, साखळीचा आवाज थांबला, खाली अण्णा मातीत बसलेले, आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'.

मग गाडी कोसळली. मी ओरडले, काय ओरडले मला आठवत नाही. तीन वळणं, एक पूर्ण फेरा, आणि गाडी पुन्हा त्या पान खाणाऱ्या माणसासमोर उभी.

गौतमी चपला घेऊन उभी होती. त्या तिने माझ्या पायांपुढे नीट जोडीने ठेवल्या. म्हणाली, "किती हसत होतीस गं. खालून दिसत होतं." मी म्हटलं, हो, मजा आली. काय दिसलं वरून, तिने विचारलं. डोंगर दिसले, म्हटलं. बोगद्यातून निघणारी गाडी दिसली. मग ती माझ्या हाताला धरून अण्णांकडे चालायला लागली आणि मला घाम फुटला, पण अण्णा तोवर उठून पँट झटकत होते. लाइन लागली, ते म्हणाले. आई खुशाल आहे.

पोती तशीच टेम्पोत राहिली. त्या आठवड्यात अण्णांनी रापी हातात धरली नाही. आईने रडणं स्वयंपाकघरात आटोपलं. गौतमीला सांगितलं ते मात्र सरळ सांगितलं, की ताईचं जुळलं नाही. बरं, म्हणाली.

आणि मी शुक्रवार धरले. बोललेलं फेडायला लागतं, आमच्यात तसंच आहे. पहिल्या शुक्रवारी आईने माझ्यापुढे दूध-केळं ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. बहिणीसाठी धरलेत पोरीने, असं तिने गल्लीभर सांगितलं. पाटोळेकाकू माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. दर शुक्रवारी कुणीतरी यायचं. मी ते केळं कसं गिळत होते ते माझं मला माहीत.

पाचव्या शुक्रवारी संध्याकाळी गौतमी माझ्या समोर येऊन बसली. रक्त चढवून चारच दिवस झाले होते, चेहऱ्यावर रंग होता. घरात आम्ही दोघीच होतो. पुढच्याच्या पुढच्या दिवाळीपर्यंतसुद्धा ती राहिली नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक.

"देवीला काय मागितलं होतंस?" तिने विचारलं.

सांगायचं नसतं, मी म्हटलं.

"मिळालं का पण?"

तोंडात घास होता. काहीही सांगता आलं असतं. नाही म्हणून मान हलवली असती तरी चाललं असतं, सगळं घर तेच समजत होतं. माझी मान हो म्हणून हलली.

गौतमीने माझ्या ताटलीतलं अर्धं केळं उचललं.

"सुई लई मोठी असते, ताई," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दाखवली तेव्हा मी होते की तिथं. तुझ्या जागी मी असते तर मीपण तेच मागितलं असतं."

त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. केळं खात खात ती उंबऱ्यापर्यंत गेली. अण्णांचे ते बूट तिथेच कोपऱ्यात होते. त्यांत पाय घालून साडेतीन इंच उंच झाली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली.